पडद्याची मागची बाजू

पडदा टांगायचा कुठे, यातच रविवारची सकाळ साडेदहापर्यंत आली.

प्राध्यापकानं, म्हणजे न्यायमूर्तींच्या धाकट्या मुलानं, सूचना केली होती ती अगदी साधी. गेल्या तीन रविवारी जेवणाच्या खोलीत जी जुंपली, ती चौथ्या रविवारी जुंपू नये, एवढाच त्या बिचाऱ्याचा हेतू. रस्ता रुंद होणार आणि घराचा पुढचा भाग पाडला जाणार, हे ठरून गेलं होतं. पुढच्या भागात दोन खोल्या होत्या, न्यायमूर्तींची अभ्यासिका आणि सूनबाईचा दातांचा दवाखाना. अभ्यासिकेतली पुस्तकं कुठेही रचता आली असती. दातांची खुर्ची मात्र कोणाच्या पलंगाखाली सरकवण्यातली नव्हती. तिला तळमजला हवा, बाहेरून वेगळं दार हवं, नळ हवा. उरलेल्या पाच खोल्यांत या तिन्ही गोष्टी असलेली खोली एकच, मागची. तिथे चाळीस वर्षं आत्या राहत होत्या.

आत्या म्हणजे न्यायमूर्तींची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिल्या आणि त्यांचे सगळे निकाल मागच्या खोलीत बसून टाइप केले. "जिन्याखाली तिची छान सोय होईल," असं थोरला मुलगा, म्हणजे वकील, पहिल्या रविवारी बोलून गेला. दुसऱ्या रविवारी त्याच्याच मुलीनं त्यावरून ताट सरकवलं. तिसऱ्या रविवारी प्राध्यापकानं थोरल्या भावाला संधिसाधू म्हटलं, वकिलानं त्याला घटस्फोटित तत्त्ववेत्ता म्हटलं, आणि सूनबाई उठून दवाखान्यात गेली ती तासभर रिकाम्या खुर्चीत आडवी पडून राहिली. या सगळ्यात आत्यांना कोणी काही विचारलं नाही. त्या इतिवृत्त लिहीत होत्या. या घरात भांडणाचंसुद्धा इतिवृत्त ठेवायची रीत आहे.

तर प्राध्यापक म्हणाला होता, "बाबा, आपण अज्ञानाच्या पडद्यामागे बसून ठरवूया."

हे तो वर्गात दर वर्षी शिकवायचा. न्याय्य नियम करायचे तर करणाऱ्यांनी आधी आपण कोण आहोत हे विसरायचं. म्हातारे की तरुण, धडधाकट की आजारी, काहीच ठाऊक नाही असं धरून चालायचं, म्हणजे कोणी स्वतःच्या सोयीचा नियम करणार नाही. न्यायमूर्तींना यात नवं काही नव्हतं. तत्त्वज्ञानातला हा पडदा कायद्यात आणला तो त्यांनीच, असं सगळे मानत. गोदीतल्या हमालांना उन्हापासून शेड मिळावी की नाही, या जुन्या खटल्यातला त्यांचा एकेचाळिसावा परिच्छेद विधी महाविद्यालयात पाठच करावा लागतो. त्यांच्या नातीला तो याच वर्षी परीक्षेला होता.

पण न्यायमूर्ती पडले कार्यपद्धतीचे भोक्ते.

"पडद्यामागे बसायचं तर पडदा लागेल," ते म्हणाले.

"बाबा, तो कल्पनेतला पडदा आहे."

"कल्पनेतल्या साक्षीदाराची साक्ष मी कधी घेतली नाही. पडदा आणा."

निळ्या फुलांची चादर आली, कपडे वाळत घालायची दोरी आली. मग प्रश्न निघाला की पडद्याची मागची बाजू कोणती. वकिलाच्या मते स्वयंपाकघराकडची, कारण खिडकी ती पुढची. सूनबाईच्या मते खिडकीकडची, कारण दार असतं ते पुढचं. न्यायमूर्तींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निर्णय राखून ठेवला. शेवटी नात म्हणाली की आपण सगळे एकाच बाजूला बसलो तर पलीकडे कोणी उरणारच नाही, मग बसलो ती बाजू मागची समजू. हे कोणालाच खोडता येईना, म्हणून मान्य झालं. चहाची किटली तेवढी पलीकडे राहिली आणि तिला आणायला जाणं म्हणजे पडद्याचा भंग, असं ठरल्यामुळे चहा बुडाला.

"आता दोन नियम," न्यायमूर्तींनी चष्मा पुसला. "पहिला, कोणी 'मी' म्हणायचं नाही. मी म्हणजे कोण हे इथे कोणालाच माहीत नाही. दुसरा, खोल्या कशा वाटायच्या ते ठरलं की चिठ्ठ्या काढायच्या. ज्याला जी चिठ्ठी येईल तो त्या माणसाच्या जागी. खोलीसकट, कामासकट."

प्राध्यापकाला चहाशिवायच ठसका लागला. "बाबा, हा विचारप्रयोग असतो! अमलात आणत नाहीत तो!"

"जे अमलात येणार नाही त्यावर मी एकतीस वर्षांत एकही आदेश काढलेला नाही."

"'मी' म्हणालात, आजोबा," नात म्हणाली.

"हरकत मान्य. एका व्यक्तीनं काढलेला नाही." त्यांनी बहिणीकडे मान वळवली. "अगं, चिठ्ठ्या कर."

आत्यांनी चिठ्ठ्या केल्या, घड्या घातल्या आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकून डबा टेबलाच्या मधोमध ठेवला. मग पेन्सिलीला टोक काढून वही पुढे ओढली.

सूनबाईला हा सगळा प्रकार भूल न देता दाढ काढण्यातला वाटत होता. पंधरा वर्षं तिनं या रस्त्यावरची तोंडं उघडून पाहिली होती. कोणाच्या घरात काय शिजतं आणि कोण रागानं दात खातो, हे तिला शेजाऱ्यांच्या आधी कळायचं. हे सगळं बंद करून ती कुठे जाणार? आत्यांना हलवायचं म्हटलं की तिलाच कसंतरी व्हायचं. तसं ती नवऱ्याजवळ एकदा बोललीही होती, तर तो म्हणाला, कसंतरी होणं हा काही कायदेशीर मुद्दा नाही.

"एका व्यक्तीचा दवाखाना जातोय," ती म्हणाली.

"कोणत्या व्यक्तीचा?" वकिलानं निरागसपणे विचारलं.

"ते ठाऊक नाही हो. पण त्या व्यक्तीचा नवरा इथेच कुठेतरी बसलेला असू शकतो. त्यानं जरा तोंड सांभाळावं."

"एका व्यक्तीचे गुडघे गेलेत," न्यायमूर्ती म्हणाले. "वरच्या मजल्यावर टाकलंत तर ती खाली येणार नाही."

"पण बाबा, पडद्यामागे कोणाचे गुडघे गेलेत हे आपल्याला कळता कामा नये," प्राध्यापक म्हणाला.

"दुखतायत एवढं कळतंय. कोणाचे ते कळत नाही."

नात फिस्सकन हसली. तिला समज देण्यात आली आणि ती समज इतिवृत्तात गेली.

गाडी रुळावर आणायला म्हणून प्राध्यापकानं मूळ तत्त्व काढलं. म्हणाला, ज्याची अवस्था सगळ्यात वाईट, त्याचा विचार आधी. त्याला बिचाऱ्याला वाटलं होतं की आता सगळ्यांना आत्या आठवतील.

"एका व्यक्तीला सख्खा भाऊ तत्त्वज्ञ आहे," वकील ताबडतोब म्हणाला. "याहून वाईट काय असणार?"

"एका व्यक्तीची बायको सोडून गेली, आणि घटस्फोटात तो तिच्याच बाजूनं का बोलत होता हे तिलाही कळलं नाही." हे प्राध्यापक स्वतःच बोलला. बोलून झाल्यावर त्याला लाज वाटली.

"एका व्यक्तीची बुधवारी परीक्षा आहे आणि ती चादरीमागे बसलीये."

"एका व्यक्तीची अभ्यासिका जातेय, गुडघे गेलेत, आणि पोटची मुलं ही अशी!" न्यायमूर्तींनी टेबलावर मूठ आपटली.

तळाशी पोचण्यासाठी माणसं एवढी झोंबताना प्राध्यापकानं सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिली नव्हती. त्याचं आयुष्य या विषयात गेलं होतं. न्यायाचे सिद्धांत पुस्तकातून उतरून न्यायालयात कसे शिरतात, यावर त्यानं चारशे पानांचा ग्रंथ लिहिला होता, आणि त्यातला मुख्य पुरावा बापाचा परिच्छेद एकेचाळीस. त्याला बापाचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर पोटात दुखायचंही. विद्यार्थी असताना नेमकं हेच तोही लिहू पाहत होता, पण त्याचं कोणी वाचलं नाही आणि वडिलांचं देशभर गाजलं.

मग वकिलानं डाव टाकला. "ठराव मांडतो. नळाची खोली अशा कामाला द्यावी, ज्याचा घराबाहेरच्या लोकांनाही उपयोग होतो."

प्राध्यापक तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची नजर डब्यावर गेली. आपल्याला सूनबाईची चिठ्ठी आली तर? खुर्ची आपली, रोगी आपले, आणि जागा नाही. तीन रविवार आत्यांसाठी भांडलेल्या त्या माणसानं हात वर केला. न्यायमूर्तींनी केला. सूनबाईचा तर होताच. नातीनं सगळ्यांत शेवटी केला, कोपरातून अर्धाच. कुठेतरी चुकतंय असं तिला वाटत होतं, पण काय चुकतंय ते सापडत नव्हतं.

"एकमतानं मंजूर. चार मिनिटं," न्यायमूर्ती घड्याळ पाहत म्हणाले. "तीन रविवार सुटलं नाही ते चार मिनिटांत. पडद्याची ताकद बघा!"

आत्यांनी ठराव लघुलिपीत उतरवून घेतला. ओळ सरळ आली. त्याखाली त्यांनी तारीख घातली. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. जिन्याखाली टाइपरायटरचं टेबल मावलं असतं, पण माणसांच्या पायांचा धडधड आवाज दिवसभर डोक्यावरून गेला असता आणि खिडकी नव्हती. मागच्या खोलीत दुपारी तीन वाजता ऊन टेबलापर्यंत येतं आणि चार वाजता निघून जातं. त्या एका तासात त्या काहीही टाइप करत नसत. नुसत्या बसत. घरात कोणालाच हे माहीत नव्हतं.

चिठ्ठ्या निघाल्या. सूनबाई न्यायमूर्ती झाली. वकील प्राध्यापक झाला आणि त्यानं ओठ असे वाकडे केले, की धाकट्याला आयुष्यभर पुरेल. प्राध्यापकाला सूनबाई आली. उद्या सकाळी नऊला एका गृहस्थांची अक्कलदाढ आहे, असं तिनं त्याला ताबडतोब सांगून टाकलं. नातीला वकील आला. न्यायमूर्तींनी आपली चिठ्ठी दूर धरून, जवळ धरून वाचली. "नात," ते म्हणाले. "बुधवारी परीक्षा किती वाजता आहे?"

"दहाला. परिच्छेद एकेचाळीस नक्की येणार आहे, पाठ करा," नात म्हणाली. मग तिनं डबा उलटा करून पाहिला. "आत्याआजी, तुझी चिठ्ठी?"

"माझी कसली? मी लिहून घेतेय."

"नाही, म्हणजे तुझ्या नावाची. 'आत्या' अशी. ती कोणाला आली?"

सगळ्यांनी आपापल्या चिठ्ठ्या परत उघडल्या. कोणालाच आली नव्हती. आत्या खरोखर गोंधळल्या. त्यांनी उपस्थितांची यादी दर वेळी करतात तशी केली होती आणि तीच कात्रीनं कापली होती. यादी लिहिणारा स्वतःचं नाव यादीत घालत नाही. चाळीस वर्षांत त्यांनी ते एकदाही घातलं नव्हतं.

"म्हणून चार मिनिटांत झालं!" नात उभी राहिली. "जिन्याखाली जायची भीती कोणालाच नव्हती. ती चिठ्ठी डब्यातच नव्हती!"

वकिलानं घसा साफ केला. सूनबाईनं मान खाली घातली. प्राध्यापकानं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"हे बघा," न्यायमूर्ती म्हणाले, "लिहून घेणारा कार्यवाहीत पक्षकार नसतो. त्याचं मत नोंदवत नाहीत. तशी पद्धतच नाही."

"आजोबा, एकेचाळिसाव्या परिच्छेदात काय म्हटलंय? नियम करणाऱ्याने आपण कोण हे विसरावे, आणि सर्वांत वाईट जागा आपल्याच वाट्याला येणार आहे असे समजून..."

"तो परिच्छेद कोणाचा आहे, हे तू मला सांगू नकोस!"

"मी सांगते," आत्या म्हणाल्या.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. इतिवृत्त चालू असताना ती खाली ठेवलेली कोणी पाहिली नव्हती.

"तो याचा आहे." त्यांनी प्राध्यापकाकडे बोट केलं. "एम.ए.च्या निबंधातला. तुझा निकाल आणि याचा निबंध एकाच आठवड्यात टाइपले होते, दादा. टेबल एक, कागद सारखेच. याचं एक पान तुझ्या निकालात गेलं."

"पान सात!" प्राध्यापक किंचाळला. "आत्या, त्या पानापायी माझा पहिला वर्ग गेला! निबंध अपूर्ण म्हणून शेरा आला होता!"

"हो रे. त्याचं मला अजून वाईट वाटतं."

"आणि मी... वाक्यं ओळखीची वाटायची ती रक्ताचा गुण समजून... त्याच्यावर चारशे पानं..."

"म्हणजे तू स्वतःचाच अभ्यास करत होतास," वकील म्हणाला. त्याला एवढं हसू आलं की त्याच्या धक्क्यानं चादरीची दोरी एका टोकाला सुटली.

न्यायमूर्ती मात्र हसत नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता. "वाचून सही केली होती मी."

"न वाचता केलीस. चाळिसाव्या परिच्छेदानंतरच्या पानावर डोक्यावर सात आकडा होता, दादा. सत्तावीस आणि अठ्ठावीसच्या मधे."

"चूक झाली असेल तुझी."

"पहिल्या दिवशी चूकच झाली. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. सहीला जायचं होतं, काढता आलं असतं."

"मग काढलं का नाहीस?"

"तू हमालांना शेड दिलीस, ते चांगलंच केलंस. पण कारण काय दिलंस? तर म्हणे गोदीच्या नोटिशीवर तारीख नव्हती. मला ते बरं वाटलं नाही. माणसाला सावली मिळायची ती नोटिशीवरच्या तारखेमुळे मिळावी? याच्या पानावर खरं कारण होतं. म्हणून राहू दिलं."

एवढा वेळ लोंबत असलेली चादर आता पूर्ण खाली आली. पलीकडे किटली थंड होऊन बसली होती. कोणी उचलायला उठलं नाही.

नातीनं वहीचा कोपरा फाडला आणि त्यावर 'आत्या' लिहिलं. "परत काढू. सहा चिठ्ठ्या. सगळा ठराव पहिल्यापासून."

आत्यांनी तिचा हात धरला. "नको गं. तुम्हाला सहावी चिठ्ठी आली की तुम्ही घाबराल आणि घाबरून मला खोली द्याल. तसं मला नको." मग त्या सगळ्यांकडे बघून बोलायला लागल्या, आणि आवाज चढला नाही तरी डोळे भरले. "आपण कोण ते विसरायला तुम्हाला चादर लागली. मला नाही लागली कधी. दादानं 'माझ्या मते' सांगितलं की मी 'माझ्या मते' टाइपायची, आणि ते माझं मत नसायचं. माझं मत काय, हे मी एकदा त्या पानापुरतं सांगितलं, तेही चोरून. आता उघड सांगते. मला मागची खोली हवी. जी कोण व्यक्ती असेल तिला नाही. मला."

या वेळी 'मी' वर कोणी हरकत घेतली नाही.

न्यायमूर्तींनी बहिणीकडे बघितलं. निकाल सांगताना ती समोर बसायची, पण ते बघायचे छताकडे, कारण वाक्यं तिथून यायची. तिचे केस कधी इतके पांढरे झाले, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांना तिची माफी मागायची होती. तशी सवय नसल्यामुळे त्यांनी हात पुढे केला आणि वही मागितली.

"तू आता पक्षकार झालीस," ते म्हणाले. "तुला लिहिता येणार नाही. आदेश मला लिहावा लागेल. सांग."

त्यांनी पेन्सिल नीट धरायला वेळ घेतला. लघुलिपी त्यांना येत नव्हती. मोठी, शाळकरी अक्षरं काढत ते पुटपुटले, "मागची खोली... आत्यांची. कारण?"

"तिला हवी आहे."

"पुढे?"

"एवढंच."

"अगं, कारण मोठं असावं लागतं. त्याला आधार लागतो."

"एवढंच लिही, दादा."

त्यांनी लिहिलं. खाली सही करायला पेन्सिल टेकवली, मग उचलली, चष्मा सारखा केला आणि ती दोन वाक्यं वरून खालपर्यंत वाचली. मग सही केली.

सूनबाई रडत होती. राग आलाय की लाज वाटतेय, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. "आणि माझी खुर्ची?" ती म्हणाली. "तिचं काय करू मी? रस्त्यावर मांडू?"

हा प्रश्न खराच होता. वकिलानं वही आपल्याकडे ओढली, आदेश वाचला, आणि त्याच्यातला वकील जागा झाला. "हे अपिलात टिकायचं नाही, बाबा," तो बायकोच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला. "कारण अगदीच अपुरं आहे."

आत्या खुर्ची मागे सारून उठल्या. तीन वाजायला अजून बराच अवकाश होता, तरी त्यांना आपल्या खोलीत जायचं होतं.

"कर ना अपील," त्या म्हणाल्या. "तीस दिवस आहेत. टाइप मात्र दुसऱ्या कोणाकडून करून घे."